विश्वाचा आरंभ व विश्वाचा कर्ता

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं, शाळा सुटल्यावर, एक सद्गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्या दहावीच्या वर्गांत आहे, व ते स्वतः आमच्या मंडळीचे जुने सभासद आहेत. भिजलेली छत्री दाराशीं टेकून ते बांकावर बसले. कांहीं वेळ इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर म्हणाले, "सर, राग मानूं नका, पण एक विचारावयाचें आहे. मिशनच्या शाळेंत, आणि तेंही आपल्यासारख्यांनीं, मुलांना असें सांगावें काय, कीं देवानें जग निर्माण केलें हें विज्ञानानें सिद्ध होत नाहीं?"

प्रश्न सरळ होता आणि त्यांत दुःख होतें. त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर तुटक झालें. वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा मजकडे लेख मागितला तेव्हां तेंच उत्तर नीट जुळवून लिहावें असें मनांत आलें. कारण हा प्रश्न पडलेले पालक ते एकटेच नसावेत, आणि विद्यार्थी तर खासच नाहींत.

प्रथम माझी चूक सांगतों. या भेटीपूर्वीं सुमारें एक महिना विज्ञानाच्या तासाला विश्वाच्या प्रसरणाचा विषय निघाला होता. ताऱ्यांचे प्रचंड समूह, ज्यांना आपण दीर्घिका म्हणतों, ते एकमेकांपासून दूर जात आहेत. हा चित्रपट उलटा फिरविला तर सर्व कांहीं जवळ येत, तापत व दाटत जाईल. आजच्या मोजमापाप्रमाणें सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वीं विश्व अत्यंत तप्त व घन अवस्थेंत होतें. इतकें मीं फळ्यावर आकृति काढून समजाविलें. येथवर सर्व ठीक होतें. परंतु वर्ग एकाग्र चित्तानें ऐकत आहे असें पाहून मला मोह झाला आणि मी बोलून गेलों, "पाहा, जगाला आरंभ आहे असें विज्ञानही आतां सांगूं लागलें. आरंभ आहे म्हणजे आरंभ करणारा आहे. 'उत्पत्ति'च्या पहिल्या अध्यायाला दुर्बिणीनें साक्ष दिली!" शेवटचें वाक्य माझें मलाच फार आवडलें, हें कबूल करतों.

मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा एरवीं फारसा बोलत नाहीं. त्यानें नम्रपणें विचारलें, "सर, उद्यां शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं जगाला आरंभ नव्हताच, तर मग देव नाहीं असें म्हणावयाचें काय?"

मला उत्तर सुचलें नाहीं. "उद्यां पाहूं," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्या रात्रीं पुस्तकें काढून बसलों, तेव्हां असें आढळलें कीं मीं वर्गांत जें ऐटीनें सांगितलें तें सांगण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्या मनुष्याला होता, त्यानेंच तें सांगण्याचें नाकारलें होतें. तो मनुष्य नास्तिक नव्हता, ख्रिस्ती धर्मगुरु होता. त्याची हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं, म्हणून येथें थोडी विस्तारानें देतों.

जॉर्ज लमेत्र याचा जन्म १८९४ सालीं बेल्जियम देशांत शार्लेर्वा या गांवीं झाला. पहिल्या महायुद्धांत तो तोफखान्यावर होता. युद्ध संपल्यावर त्यानें गणिताचा अभ्यास पुरा केला व १९२३ मध्यें धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. आणि त्याच वर्षीं तो एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकण्यास केंब्रिजला गेला. १९२७ सालीं, लूव्हेन येथें प्राध्यापक असतांना, त्यानें फ्रेंच भाषेंत एक निबंध प्रसिद्ध केला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारें विश्व निघतें, आणि दूरच्या दीर्घिका जितक्या लांब तितक्या अधिक वेगानें दूर जातांना दिसल्या पाहिजेत, असें त्यांत होतें. ब्रसेल्सच्या एका संस्थेच्या नियतकालिकांतील हा निबंध फारच थोड्यांनीं वाचला. त्याच वर्षीं खुद्द आइन्स्टाइनची गांठ पडली असतां, तुमचें गणित बरोबर आहे पण पदार्थविज्ञान किळसवाणें आहे, अशा आशयाचा अभिप्राय लमेत्रला मिळाला. (परीक्षेंत कमी गुण मिळाल्यानें खचून जाणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.) १९२९ मध्यें हबल यानें अमेरिकेंतील मोठ्या दुर्बिणीच्या साह्यानें दीर्घिकांचीं अंतरें व वेग यांचा मेळ प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें जगाचें लक्ष या विषयाकडे वळलें.

मे १९३१ मध्यें लमेत्रनें इंग्लंडांतील 'नेचर' या साप्ताहिकांत एक लहानसें पत्र छापलें. विश्वांतील सर्व द्रव्य व शक्ति आरंभीं एका 'आद्य अणूं'त सामावलेली असावी, अशी कल्पना त्यांत प्रथम आली. आज आपण महाविस्फोट म्हणतों त्या सिद्धांताचें हें बीज होय. या पत्राच्या मसुद्यांत शेवटीं आणखी एक परिच्छेद होता. ईश्वर स्वभावतःच गुप्त आहे, व आजचें पदार्थविज्ञान उत्पत्तीवर एक पडदाच घालतें हें पाहून आस्तिकाला समाधान वाटावें, असा कांहींसा त्याचा आशय होता. पत्र छापण्यापूर्वीं हा परिच्छेद खोडला गेला. ही खोडलेली जागा मला छापलेल्या पत्राइतकीच मोलाची वाटते. त्याची श्रद्धा होती, ती त्याच्या लेखणीपर्यंत आलीही होती. पण विज्ञानाच्या पत्रांत तिची जागा नाहीं असें त्यानें ठरविलें.

यानंतर वीस वर्षांनीं, २२ नोव्हेंबर १९५१ रोजीं, पोप बारावे पायस यांनीं व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढें भाषण केलें. विज्ञान मागें मागें जात आतां उत्पत्तीच्या क्षणाचें जणूं साक्षीदार झालें आहे, तस्मात् निर्माणकर्ता आहे, असा त्या भाषणाचा सूर होता. माझें वर्गांतील वाक्य आणि हें यांत मोठा फरक नाहीं! लमेत्र १९३६ पासून त्या अकादमीचा सभासद होता. आपल्या सिद्धांताला एवढा मान मिळाला म्हणून त्याला आनंद झाला असेल, असें कोणासही वाटेल. वस्तुतः तो अस्वस्थ झाला. आपलें म्हणणें त्यानें व्हॅटिकनमधील जाणत्यांच्या कानीं घातलें. पुढील वर्षीं सप्टेंबरांत जगांतील खगोलशास्त्रज्ञ रोम येथें जमले असतां पोपनीं त्यांच्यापुढें पुन्हां भाषण केलें. त्यांत तो सूर नव्हता. १९५८ मध्यें लमेत्रनें एका परिषदेंत उघडच सांगितलें कीं, आपला सिद्धांत धर्म व तत्त्वज्ञान यांच्या प्रश्नांपासून पूर्णपणें अलग आहे, आणि ईश्वर नाकारणाऱ्याला तो नाकारण्याची मोकळीक या सिद्धांतांत तशीच राहते.

त्याच्या या सावधपणाला एक व्यावहारिक कारणही होतें. १९५१ च्या सुमारास महाविस्फोटाचा सिद्धांत मोठ्या अडचणींत होता. त्या वेळच्या मोजमापावरून विश्वाचें वय २०० कोटी वर्षांहून कमी येई, आणि पृथ्वीचें वय तर त्याहून अधिक ठरलें होतें. आईपेक्षां मुलगी वडील! रोमच्या त्याच १९५२ च्या मेळाव्यांत वाल्टर बाडे यानें दाखविलें कीं दीर्घिकांचीं अंतरें आपण निम्मींच धरीत होतों. तेव्हां विश्वाचें वय एकदम दुप्पट झालें. ज्या पायाचें माप एका बैठकींत दुपटीनें बदलतें, त्या पायावर परमेश्वराचें अस्तित्व उभारावें काय?

आतां दुसरी बाजू. १९४८ मध्यें बाँडी, गोल्ड व हॉईल या तिघांनीं स्थिर-स्थिति सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतें खरें, पण जागा रिकामी होते तसतसें नवें द्रव्य निर्माण होतें. म्हणून विश्व आज आहे तसेंच सदैव होतें व राहील, त्याला आरंभ नाहीं. फ्रेड हॉईल हा निरीश्वरवादी होता. विश्वाला आरंभ मानणें म्हणजे मागल्या दारानें धर्माला आंत घेणें, असा त्याला संशय होता. मार्च १९४९ मध्यें आकाशवाणीवरील भाषणांत त्यानें विरुद्ध पक्षाला 'बिग बँग' असें नांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें. म्हणजे पाहा, एका पक्षाला आरंभ हवा होता तो ईश्वरासाठीं, आणि दुसऱ्याला नको होता तोही ईश्वरामुळें. या दोहोंपैकीं कोणाच्याही आवडीनिवडीची आकाशानें पर्वा केली नाहीं.

निकाल लागला तो भलत्याच ठिकाणीं. १९६४ मध्यें अमेरिकेंत पेन्झियास व विल्सन हे दोघे एका कर्ण्यासारख्या आकाराच्या मोठ्या अँटेनावर काम करीत होते. त्यांना एक बारीक खरखर ऐकूं येई. ती दिवसा-रात्रीं, कोणत्याही दिशेला, सारखीच. अँटेनांत कबुतरांनीं घरटें केलें होतें. कबुतरें हलविलीं, त्यांची घाण धुवून काढली; खरखर कायम राहिली. शेवटीं उलगडा झाला कीं ती विश्वाच्या त्या तप्त अवस्थेची आज निवालेली ऊब होय; तिचें तपमान सुमारें उणें २७० अंश सेल्सिअस. १९६५ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला व १९७८ मध्यें त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. लमेत्रला ही वार्ता जून १९६६ मध्यें, त्याच्या शेवटच्या आजारांत कळली.

तथापि सर्वांचेंच समाधान झालें नाहीं, व यांत एक नांव आपल्या अगदीं जवळचें आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्यें कोल्हापुरास झाला. केंब्रिजला ते हॉईलचे विद्यार्थी होते, व १९६४ मध्यें गुरुशिष्यांनीं मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. १९८८ मध्यें पुण्यास 'आयुका' ही संस्था त्यांनींच उभारली. १९९३ मध्यें हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनीं स्थिर-स्थितीचा सुधारलेला सिद्धांत पुढें आणला. बहुतेक शास्त्रज्ञांनीं तो मानला नाहीं. तरी महाविस्फोटाविषयींच्या आपल्या शंका ते अखेरपर्यंत निर्भयपणें मांडीत राहिले. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. मी माझ्या मनाला असें विचारलें, कीं नारळीकरांचा पक्ष खरा ठरला असता तर रविवारीं प्रार्थनामंदिरांत जाण्याचें तूं सोडलें असतेंस काय? मन म्हणालें, नाहीं. मग महाविस्फोटाचा पक्ष खरा ठरला म्हणून टाळ्या पिटण्याचा तरी मला काय अधिकार?

विज्ञानाच्या मर्यादेविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. महाविस्फोट म्हणजे 'शून्यांतून जग झालें तो क्षण' असें आपण सरसकट बोलतों; सिद्धांत तसें म्हणत नाहीं. एक सेकंदाला एकावर त्रेचाळीस शून्यें इतक्या संख्येनें भागावें. आरंभापासून इतक्या अल्पकाळाच्या अलीकडे आपलें पदार्थविज्ञान चालतें. त्याच्या पलीकडे आइन्स्टाइनचा सिद्धांत व पुंजसिद्धांत यांचा मेळ अद्याप बसलेला नाहीं. म्हणून त्या पलीकडे देवाला नेऊन बसवावें असें कित्येकांना वाटतें. न्यूटनसारख्या भाविक व थोर पुरुषालाही असेंच वाटलें होतें. ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील व ईश्वराला त्या मधून मधून नीट कराव्या लागतील, असें तो मानी. पुढें १७८५ मध्यें लाप्लासनें गुरु व शनि यांच्या गतींतील फरक गणितानें उलगडून दाखविला, आणि न्यूटननें देवाला दिलेलें तें काम संपलें. अज्ञानाच्या भेगेंत बसविलेल्या देवाला भेग बुजली कीं उठावें लागतें.

उलट बाजूचा उतावीळपणाही कमी नाहीं. स्टीफन हॉकिंग यांनीं हार्टल यांच्यासह १९८३ मध्यें अशी कल्पना मांडली कीं, काळाला मागें जातां जातां धारदार कडा नसेलच. पृथ्वीवर दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेस कांहीं नाहीं, तसें 'आरंभापूर्वीं' असें कांहीं नसेल. कल्पना मोठी सुंदर आहे. परंतु २०१० च्या आपल्या एका पुस्तकांत त्यांनीं असेंही लिहिलें कीं, गुरुत्वाकर्षणासारखा नियम असल्यामुळें विश्व आपोआप निर्माण होऊं शकतें, कर्त्याची जरूर नाहीं. ज्या देवाचें काम पहिला धक्का देणें एवढेंच होतें, त्याला हॉकिंग यांनीं कामावरून कमी केलें, आणि मला त्याचें वाईट वाटत नाहीं. पण नियम म्हणजे शून्य नव्हे. नियमच कां आहे, व त्या नियमाप्रमाणें वागणारें कांहीं कां आहे, हा प्रश्न तसाच राहतो. नियमपुस्तिकेनें शाळेची इमारत बांधली असें कोणी म्हणत नाहीं.

हा वाद आपल्या देशाला नवा नाहीं. दहाव्या शतकांत उदयनाचार्यांनीं 'न्यायकुसुमांजलि' या ग्रंथांत ईश्वरसिद्धीसाठीं दिलेल्या युक्तिवादांपैकीं एक हा, कीं घट हें कार्य आहे म्हणून त्याला कुंभार लागतो, तसें जग हेंही कार्य आहे म्हणून त्याला कर्ता लागतो. यावर मीमांसकांचा आक्षेप, कीं जग केव्हां तरी नव्हतें व मग झालें असें कोणी पाहिलें? जैन दर्शन तर विश्वाला अनादि मानतें व कर्ता मानीत नाहीं. आमच्या शाळेंत जैन घरांतील मुलें आहेत. त्यांच्या घरीं जगाला कर्ता नाहीं असें शिकवितात, आणि त्याच घरीं जीवजंतूंना इजा होऊं नये म्हणून दिवस मावळण्यापूर्वीं जेवतात. कर्ता न मानणारा मनुष्य नीतिहीन होतो, असें व्यासपीठावरून बोलणाऱ्या आमच्या उपदेशकांनीं एकदां तरी अशा घरीं पाहुणे म्हणून जावें.

आमच्या ख्रिस्ती परंपरेंतही या प्रश्नाचा विचार आमच्या समजुतीपेक्षां पुष्कळ खोल झालेला आहे. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यानें या विषयावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. जगाला आरंभ होता हें आपण श्रद्धेनें मानतों, तर्कानें तें सिद्ध करितां येत नाहीं. आणि जग अनादि आहे असें घटकाभर धरलें तरी तें ईश्वरनिर्मित असण्यास बाध येत नाहीं, असें त्याचें म्हणणें. प्रथम वाचतांना मी गोंधळलों. अनादि असूनही निर्मित, हें कसें?

याचा उलगडा मला आमच्या सकाळच्या उपासनेच्या वेळीं झाला. सभागृहाच्या भिंतीवर एक जुनें घड्याळ आहे. शिपाई आठवड्यांतून एकदां त्याला किल्ली देतो व निघून जातो. पुढें घड्याळ आपलें आपण चालतें, शिपाई गांवीं गेला तरी चालतें. त्याखालीं पेटी आहे. पेटी वाजविणाऱ्याचा एक हात पट्ट्यांवर फिरतो व दुसरा भाता हलवितो; भात्यावरचा हात थांबला कीं थोड्याच वेळांत सूर विरून जातो. आम्ही बहुतेक जण देवाला घड्याळाला किल्ली देणारा समजतों, म्हणून किल्ली केव्हां दिली तो क्षण शोधीत बसतों. अक्वायनसच्या मनांतील निर्माणकर्ता भात्यावरच्या हातासारखा आहे. गाणें केव्हां सुरू झालें, किंवा तें कधीं सुरू न होतां सदैव चालूंच आहे, हा प्रश्न वेगळा. आतां, या क्षणीं, सूर कशानें टिकला आहे, हा वेगळा. पहिल्याचें उत्तर दुर्बीण व गणित यांनीं द्यावें. दुसरा प्रश्न दुर्बिणीच्या कक्षेंतलाच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कीं दुसरा प्रश्नच आम्हांला मान्य नाहीं. १९४८ मध्यें बर्ट्रांड रसेल या तत्त्ववेत्त्यानें फादर कोपल्स्टन यांच्याशीं आकाशवाणीवर वाद करितांना असेंच म्हटलें: विश्व आहे, बस्स, याहून अधिक कांहीं सांगण्याचें नाहीं. या उत्तरांत तार्किक चूक मला दाखवितां येत नाहीं, आणि दाखवितां येते असें मी मुलांना सांगणार नाहीं. मला फक्त तेथें थांबवत नाहीं, एवढेंच.

कां थांबवत नाहीं, हें विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे, म्हणून सांगतों; पुरावा म्हणून नव्हे. माझे वडील वारले त्या आठवड्यांत घरांत फारसें कांहीं नव्हतें. तिसऱ्या दिवशीं शेजारणीनें भाकरी आणून दिल्या. माझ्या आईनें ताट पुढें घेतलें, डोळे मिटले, आणि नेहमींप्रमाणें आभार मानले. शेजारणीचे तर मानलेच. पण ते आधींच दाराशीं मानून झाले होते. ताटावरचे आभार दुसऱ्या कोणाचे तरी होते. विश्व नुसतें आहे, बस्स, असें म्हटलें तर त्या आभारांना पत्ता उरत नाहीं. आईला भ्रम झाला होता असें म्हणतां येईल. तसें म्हणणारे माझे मित्रही आहेत, व ते चांगले आहेत. मी तसें म्हणूं शकत नाहीं. प्रभु ख्रिस्तावरील माझ्या विश्वासाचीं इतर कारणें आहेत तींही याच जातीचीं आहेत, आणि त्यांपैकीं एकही कारण विश्वाच्या वयावर अवलंबून नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन मीं आधीं माझें वाक्य परत घेतलें. "काल मीं जें सांगितलें तें विज्ञान नव्हतें, आणि चांगलें धर्मशास्त्रही नव्हतें," असें म्हणालों, व लमेत्रची गोष्ट सांगितली. कर्ता आहे हें मी मानतों. तें विज्ञानानें सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं. आणि तें विज्ञानानें खोटें पाडलें असें कोणी म्हणाल्यास त्यालाही हाच हिशेब विचारावा, एवढें सांगितलें. यांतील मधलें वाक्य तेवढें त्या सद्गृहस्थांच्या घरीं पोंचलें होतें.

त्यांनीं माझें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. पटलें असें ते म्हणाले नाहींत. उठतांना विचारलें, "मग पोरानें पुन्हां विचारलें तर मी काय सांगूं?" मीं म्हटलें, "आपण कां मानतां तें सांगा. तें त्यानें माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षां आपल्या तोंडून ऐकणें बरें." छत्री उघडतां उघडतां ते म्हणाले, "तें त्यानें मला कधीं विचारलेंच नाहीं." मग थोडें थांबून, "मींही कधीं सांगितलें नाहीं."

मागल्या बांकावरचा मुलगा त्यांचाच, हें वाचकांनीं ओळखलें असेल. त्यानें वाचनालयांतून नारळीकरांचें 'आकाशाशी जडले नाते' हें पुस्तक नेलें आहे. परत करण्याची मुदत केव्हांच टळली. ग्रंथपालांनीं मजकडे दोनदां तक्रार केली. चौकशी करितां कळलें कीं मुलाचें वाचून झालें आहे, पण सध्यां तें वडिलांनीं घेतलें आहे. आणखी पंधरा दिवस थांबावें, अशी मीं ग्रंथपालांना विनंति केली आहे.